एबी बर्जेसचे दिवे

माझ्या घरात बिनकामाचा दिवा जळलेला मला खपत नाही. बायको मैमुना त्यावरून टोमणे मारते, मारू दे.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात लेकीच्या अमेरिकन शाळेने मुलांना अमेरिकेचं एकेक राज्य वाटून दिलं. तिथली जुनी ठिकाणं, नावाजलेली माणसं यांचा प्रोजेक्ट. आमच्या सबाच्या वाट्याला मेन आलं. तिने एक दीपगृह निवडलं आणि तिथली एबी बर्जेस नावाची मुलगी. एबीचा बाप सामान आणायला किनाऱ्यावर गेला आणि वादळामुळे तिकडेच अडकला. आई आजारी. बाप परत येईपर्यंत पोरीने रोज रात्री दीपगृहाचे दिवे पेटते ठेवले. जेवताना, गाडीत, सबाचं तेच चालू.

त्याच आठवड्यात इथे आखातात, जबल अली बंदरावर दाट धुकं उतरलं. मी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर काम करतो. बंदरात शिरायची परवानगीच मिळेना, म्हणून रात्रभर बाहेर थांबलो. उन्हं वर आल्यावर घरी पोचलो, तर हॉल, किचन, बाथरूम, गॅलरी, सगळीकडे दिवे! फ्रिजसुद्धा सताड उघडा, आतला दिवा जळावा म्हणून. आमच्या गॅलरीतून समुद्र दिसतही नाही, समोर पार्किंग आहे. आणि मैमुनाने हे चालू दिलं!

"काय चाललंय हे?" मी ओरडलो.

सोफ्यावर पेंगत बसलेली सबा दचकून उठली. "अब्बा! डिड यू सी माय लाइट?"

"दिसला ना," मी म्हणालो. "लांबून दिसला."

आणि फ्रिजचं तेवढं दार लावलं.