रेडीमेडला माया नसते

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की शिंप्याचं पालुपद सुरू होई, "रेडीमेडला माया नसते बघा!" शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती माया. पुढेमागे अंग सुटलं तर उसवून सैल करायला. समोरच त्याच्या मेव्हण्याचं तयार कपड्यांचं दुकान होतं, त्यामुळे हे वाक्य जरा मोठ्यानेच म्हटलं जाई.

आणि लेकीने कॉम्प्युटरचा विषय काढला तेव्हा हाच गृहस्थ काय म्हणाला?

"तयार घे. खोका उघडायचा, वायर लावायची, कामाला लागायचं."

"मी स्वतः जोडणार आहे, बाबा. एकेक भाग निवडून."

"सुई ओवायला सांगितली की पळतेस, आणि म्हणे कॉम्प्युटर जोडणार!"

हे त्याचं जुनं दुखणं. त्याच्या बापाची विद्या त्याच्या हातात उतरली होती. लेक मात्र शिवणयंत्राजवळ फिरकत नसे. ती कार्टूनं काढायची, ती पडद्यावर पळवायची. पोरगी हुशार होती, पण आपलं म्हणून हिच्यात काहीच उरणार नाही, या विचाराने त्याला फार वाईट वाटे.

बायको काजं करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तयारच घ्यायचं तर माझ्या भावाचं काय चुकतं? तोही तेच विकतो."

शिंपी चांगलाच कात्रीत सापडला. शेवटी ठरलं ते असं: सोमवारपासून लेकीचं नवं काम सुरू होणार, तेव्हा रविवारी संध्याकाळपर्यंत यंत्र चालू झालं तर ठीक. नाही तर तयार आणायचा आणि पुन्हा हट्ट करायचा नाही.

रविवारी लेकीने कापड बेतायचं टेबल ताब्यात घेतलं. बटणांच्या डब्यांत स्क्रू गेले. शिंपी इस्त्री करत होता, म्हणजे एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत होता, डोळे टेबलाकडे. लेकीने आधी सगळे भाग कॉम्प्युटरच्या पेटीबाहेर मांडले, एकमेकांना लावून पाहिले, मगच पेटीत बसवायला घेतले. आधी कच्चा टाका, मग पक्का, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पण कौतुक करेल तर तो शिंपी कसला!

दुपार टळली. लेकीने बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पंखा हलेना, दिवा लागेना. तिचा चेहरा पडला.

"भावोजी, खिडकीत ठेवा, शोभेल!" मेव्हणा समोरून ओरडला.

पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण शिंप्याला काही तो झाला नाही. तो इस्त्री ठेवून टेबलाशी आला. "उसव सगळं. पुन्हा जोडू. मी स्क्रू धरतो."

"थांबा," बायको म्हणाली. दोऱ्याचं रीळ टेबलाखाली गेलं होतं म्हणून ती पेटीच्या मागे वाकली होती. "इथे मागे एक बटण आहे, ते लावलंय का?"

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. वीज आत सोडायचं बटणच बंद होतं!

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" बायको म्हणाली. "या घरात बटणं मीच बघते, पण विचारतं कोण?"

खट्. पंखे घुमू लागले, पडदा उजळला. लेक टाळ्या पिटत नाचली आणि शिंपीही हसला. पण नजर कसबी माणसाची, पेटीच्या उघड्या बाजूतून आत डोकावला आणि ओरडला, "अगं, या दोन खाचा रिकाम्या आहेत! विसरलीस, का दुकानदाराने फसवलं?"

"दोन्ही नाही." लेक झाकण बसवता बसवता म्हणाली, "मेमरीच्या जागा आहेत त्या. पुढे कामं वाढली की घालीन. माया ठेवलीय, बाबा."

गळ्यातली टेप शिंप्याने उगीचच काढली, पुन्हा घातली. मग डोळे पुसत तो दारात गेला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मेव्हणे! ऐकलंत का, काय म्हणतेय माझी पोरगी?"