पलीकडच्या काठावर

“परत लावा,” पक्ष्यांचा अभ्यास करायला आलेल्या मॅडम कुजबुजल्या. मी स्पीकरचं बटण पुन्हा दाबलं.

आमच्या काठावर टिपलेली शीळ नदीच्या पलीकडच्या काठावर वाजली. समोरच्या झुडपातला तपकिरी पक्षी, चिमूटभर जीव, किडे वेचत राहिला. ढिम्म! मग त्याच्याच काठावरची शीळ लावली, तर पठ्ठ्या छाती फुगवून थेट स्पीकरवर धावून आला.

“बघितलंत? दिसायला सारखेच, पण आपल्याकडची शीळ त्याला आपली वाटतच नाही.”

“मग उडून जायला काय धाड भरलीय यांना? एवढीशी तर नदी!” सकाळपासून डासांनी फोडून काढलं होतं, माझं डोकं फिरलं होतं.

मॅडम हसल्या. “दाट सावलीतले पक्षी हे, उघड्या पाण्यावर येत नाहीत. मध्ये नदी आली, दोन्हीकडचे लाखो वर्षं वेगळे राहिले. थोडी शीळ बदलली, थोडा रंग. आता जोडीही जमत नाही. अशीच नवी जात तयार होते.”

लाखो वर्षं! आम्हा भावांना अठरा पुरली. आईच्या आजारपणात मी कामाच्या नादात जंगलातच राहिलो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. “आता कशाला आलास?” दादा म्हणाला. मीही ताठ्यात निघून आलो.

दादाचं घर इथून हाकेच्या अंतरावर होतं. कामाचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून या काठावर यायला निमित्तच उरणार नव्हतं. चुकलो, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

“भावाकडे जाऊन येतो,” मी मॅडमना म्हणालो.

दादा ओट्यावर दोरी वळत बसला होता. केस पांढरेफटक झालेले. मी अंगणातच थांबलो.

“दादा...”

त्याची मान झटकन वर झाली. आवाज ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

“बाबा, कोण आलंय हो?” आतून सुनेनं विचारलं.

“कोणी नाही,” माझ्याकडे बघतच दादा म्हणाला.

“माझं चुकलं रे, दादा.”

त्यानं मान खाली घातली आणि दोरी वळायला लागला. पाखराला निदान ओळख तरी पटली नव्हती. मी निघालो.

होडीत मॅडमनी विचारलं, “भेटले का भाऊ?”

“घरी नव्हता,” मी म्हणालो आणि वल्हं हातात घेतलं.