एकट्यापुरता जॅक

"ट्रेलरचा दांडा उचलायला किती जण असता?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"दोघं," काटेवाला म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चपापला. पण बाईंचा हात तोवर खालच्या फळीकडे गेलाही होता. "मग जॅकच्या भानगडीत कशाला पडता?" त्या म्हणाल्या. "नुसता टेकू पुरे. दोघांनी दांडा उचलायचा, पायानं टेकू खाली सरकवायचा, पिन घातली की काम झालं." आणि त्यांनी एक लोखंडी टेकू काउंटरवर ठेवला.

तिथल्या तिथे 'चुकलो' म्हणायला काय जात होतं? पण काटेवाल्याला ते जमलं नाही. चाळीस वर्षं त्यानं दुकानांतले, पोस्टातले, दवाखान्यातले वजनकाटे दुरुस्त केले होते. काम सुटून सहा वर्षं झाली तरी लोक त्याला काटेवाला म्हणूनच ओळखत. दुकानात येण्याआधी त्यानं पहार आणि ठोकळे लावून, अर्धी सकाळ घाम गाळून, होडीच्या ट्रेलरच्या दांड्याचं टोक आपल्या जुन्या काट्यावर चढवलं होतं. बहात्तर किलो. जमिनीपासून मोटारीच्या हुकापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर. अंगण मऊ मातीचं. सगळं कागदावर व्यवस्थित लिहून आणलं होतं. माणसं किती, एवढंच लिहायचं राहिलं होतं, आणि नेमकं तेच बाईंनी विचारलं. तो मुकाट्यानं टेकू काखोटीला मारून घरी आला.

दुसरा माणूस म्हणजे दादा, त्याचा थोरला भाऊ. काटेवाल्यानं लग्न केलं नाही; तो दादा-वहिनींकडेच राहिला. होडी दोघा भावांनी मिळून घेतली होती. तीस वर्षं दर सुट्टीला दोघं दांड्याच्या दोन बाजूंना उभे राहत, वाकत, उचलत, हुकावर बसवत आणि तळ्यावर जात. मासे फारसे कधी मिळाले नाहीत. वहिनी म्हणायची, "माशांना तुम्ही दोघं आता घरचेच वाटायला लागलात." वहिनी गेली, पाठोपाठ दादाच्या छातीचं ऑपरेशन झालं, आणि मुलगी त्याला आपल्याकडे घेऊन गेली. त्याला चार वर्षं झाली.

दर वर्षी हवा निवळली की दादाचा फोन यायचा. "छोट्या, मी येतोय. मी आल्याशिवाय होडी हलवायची नाही, सांगून ठेवतो." चौसष्ट वर्षांचा छोट्या 'बरं' म्हणायचा आणि होडी हलवायचा नाही. दादाला वगळून तळ्यावर जाणं त्याच्या जिवावर यायचं. शिवाय एकट्याला ती हलवता येत नव्हतीच, त्यामुळे आज्ञा पाळणं सोपं होतं.

यंदा मात्र त्याला जायचंच होतं. घरात दिवसचे दिवस बोलायला कुणी नसे. सकाळी दूधवाल्याला 'एक लिटर' म्हटलं की दिवसभराचं बोलणं संपलं. घर खायला उठे. तळ्यावर निदान बोलायची अपेक्षा तरी नसते. म्हणून जॅक. पण जॅक घेतला म्हणजे दादाची वाट बघणं सोडलं, असाच त्याचा अर्थ होत होता, आणि दादाला हे सांगायचं कसं या विचारानं तो महिनाभर हैराण झाला होता.

संध्याकाळी त्यानं पुतणीला फोन लावला. "दादा खरंच येणार आहे का गं या वर्षी?"

"काका, काहीतरीच काय!" ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांना खोलीतून बाल्कनीत नेताना दोनदा बसवावं लागतं. रोज बॅग भरा म्हणतात, म्हणून मी दोन कपडे भरून ठेवते. त्यांना तेवढाच आनंद. तुम्ही त्यांना काही बोलू नका."

काटेवाला फोन ठेवून स्वयंपाकघरात गेला. त्याला रडू आलं, आणि रडताना बघायलाही कुणी नाही म्हणून आणखी थोडं आलं. मग त्यानं तोंड धुतलं आणि भात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो टेकू घेऊन पायरीवर बसला होता.

"टेकू बसला नाही का?" बाईंनी विचारलं.

"बसेल. पण काल मी चुकीचं सांगितलं. दोघं नाही. मी एकटाच आहे."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बसा. आणि तो कालचा कागद दाखवा."

मग अर्धा तास दोघांनी जॅक निवडला. शंभर किलोचा बाईंनीच बाजूला ठेवला. अंगणात खड्डा लागला की धक्क्यानं भार वाढतो, दीडशेचा घ्या म्हणाल्या. वरून फिरवायच्या हँडलचा काटेवाल्यालाच पटेना, कारण होडीचं नाक मध्ये येऊन बोटं सोलली असती. म्हणून बाजूला हँडल असलेला. चाक रुंद रबराचं, मातीत रुतू नये असं. आणि प्रवासात वर वळवून ठेवता येईल असा, नाहीतर रस्त्यावर घासत गेला असता. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी सलग अर्धा तास बोललं होतं. निघताना उगाचच त्यानं पिन कशी घालायची ते पुन्हा विचारलं, आणि बाईंनीही पुन्हा सांगितलं.

दुपारी त्यानं जॅक दांड्याला घट्ट बसवला. बोल्ट दोनदा आवळले. आता फक्त हँडल फिरवायचं होतं, पण हात पुढे होईना. दादाच्या पाठीमागे हे करणं म्हणजे त्याला चोरी वाटत होती. शेवटी त्यानं फोन लावला.

"दादा, मी जॅक आणला."

पलीकडे खाट करकरली.

"दीडशेचा ना?" दादानं विचारलं.

"दीडशेचा."

"चाक?"

"रुंद आहे."

"तरी खाली फळी टाक. आपलं अंगण दगाबाज आहे." दादाला बोलताना धाप लागत होती. "मी येणारच होतो रे. बॅगसुद्धा भरलीय."

"माहितीये मला."

"फोन बंद करू नकोस. ऐकू दे."

काटेवाल्यानं चाकाखाली फळी सरकवली, फोन ट्रेलरच्या मडगार्डवर ठेवला आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. दांडा निमूटपणे वर येऊ लागला. ना वाकणं, ना ओरडणं. तीस वर्षं दोघांनी कंबरा मोडून घेतल्या आणि हे काम दोन बोटांचं निघालं! त्याला त्या जॅकचा रागच आला. दांडा हुकाच्या वर आला तेव्हा त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

"आला?" फोनमधून आवाज आला.

"आला."

"जड गेलं का रे?"

काटेवाल्यानं फोन उचलून कानाला लावला.

"गेलं की," तो म्हणाला. "जीव निघाला. तू हवा होतास, दादा."

"वाटलंच मला!" दादाचा आवाज एकदम उजळला. "त्या जॅकला काय कळतंय! तू आता लगेच हुकात घालू नकोस. आधी बस जरा. दम खा."

"बसतो."

आणि तो खरंच अंगणातल्या पालथ्या बादलीवर बसला. फोन तोंडाजवळ धरला, आणि पलीकडे दादाला ऐकू जाईल अशा बेतानं, थकलेल्या माणसासारखा, मोठमोठ्यानं श्वास घेत राहिला.