मोठ्या डॉक्टरांचीच तारीख

वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्याही घरात आजारपण शिरलं की पहिलं वाक्य काय निघतं? "मोठ्या डॉक्टरांना दाखवा." आणि दुसरं? "ओळख आहे का कुणाची?" आजार कोणता, त्याला उपाय काय, हे सगळं त्यानंतर. मास्तरांच्या घरीही अगदी असंच झालं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी क्लच हळू सोडायला शिकवलं होतं आणि उरलेलं अर्धं शहर रोज त्यांच्या शिकाऊ गाडीमागे अडकून हॉर्न वाजवत असे. फार हॉर्न वाजला की मास्तर खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत, "काय हो, तुम्ही आईच्या पोटातून शिकून आलात का?" माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ. बायकोवर जीव होता, फक्त तो बोलून दाखवायची सवय नव्हती.

त्यांच्या बायकोला घरीदारी सगळे माई म्हणत. या माईंचा गेले काही महिने दाराच्या चौकटीवर खांदा आपटू लागला होता. शेजारीण बाजूने हसून गेली तरी त्यांना कळत नसे, आणि शेजारीण म्हणे, माई हल्ली फार शिष्ट झाल्यात. रस्ता ओलांडताना शेजारून स्कूटर गेली की माई दचकून म्हणत, "अगंबाई, हा आला कुठून?" मास्तर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढला असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र नंबर तपासून झाल्यावर डोक्याचा स्कॅन काढायला सांगितला.

स्कॅनमध्ये गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे, साधीच, पण मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसांना खालून रेटा देत बसलेली. त्यामुळे समोरचं दिसत होतं आणि दोन्ही बाजूंचं पुसलं जात होतं. गाठ काढली तर नजर सुधारेल, आणि फार उशीर केला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही, इतकं स्पष्ट सांगून डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना मोठ्या रुग्णालयात धाडलं.

त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया करणारे दोघेच होते. आजूबाजूच्या कितीतरी गावांची डोकी या दोघांच्या भरवशावर! एक मोठे डॉक्टर, पिकल्या केसांचे, नावाजलेले. दुसऱ्या नुकत्याच आलेल्या, त्यांना लोक छोट्या बाई म्हणत. मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर एवढी गर्दी, की बाकावर जागा मिळाली तरी लोकांना सत्कार झाल्यासारखं वाटे. छोट्या बाईंच्या दाराबाहेर चार खुर्च्या, त्यांतल्या दोनांवर लोकांनी पिशव्या ठेवलेल्या.

माईंना मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली, तीही बऱ्याच लांबची. तो दिवस आला. माई भरती झाल्या, उपाशी राहिल्या, हिरवा झगा घालून बसल्या. तेवढ्यात अपघातातला एक माणूस आणला गेला, डोक्यात रक्त साकळलेला. मोठे डॉक्टर तिकडे धावले, आणि माईंना दुपारी कपडे बदलून घरी पाठवलं. नवी तारीख आणखी लांबची. रुग्णालयातून बाहेर पडताना माई नेमक्या तिथल्या फाटकाच्या खांबावर आपटल्या.

मग मास्तरांनी ओळख शोधली. फार शोधावी लागली नाही. मोठ्या डॉक्टरांच्या मुलीला गाडी मास्तरांनीच शिकवली होती! त्या धाग्याला धरून ते माईंना घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत पोचले. डॉक्टर दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये उभ्याउभ्याच बिस्किटं खात होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. छोट्या बाई कोपऱ्यात संगणकावर कुणाचा तरी स्कॅन पाहत होत्या.

"डॉक्टरसाहेब, तेवढी तारीख अलीकडे ओढा," मास्तर म्हणाले. "घरचाच माणूस समजा."

"ओढतो की," डॉक्टर म्हणाले. "पण ज्याची तारीख मागे ढकलू त्याच्या घरी जाऊन सांगणार कोण? तुम्ही?"

डॉक्टरांनी माईंचा स्कॅन दिव्यासमोर धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण माई, तुम्हाला तर आम्ही लवकरची तारीख देऊ केली होती. या बाईंची. तुमच्याकडून नकार आला ना?"

"माझ्याकडून?" माईंनी अख्खी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बाजूचं दिसत नसल्यामुळे आता त्यांना प्रत्येकाकडे असंच वळावं लागे. "मी कधी नाही म्हटलं?"

मास्तरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"अहो, मी विचारतेय."

"मीच म्हटलं नाही," मास्तर पुटपुटले. "तारखा देतात त्या खिडकीवर विचारलं त्यांनी. तू तेव्हा तपासणीचं रक्त द्यायला गेली होतीस. म्हटलं, माझ्या बायकोच्या डोक्यात नवशिका हात नको. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस."

"घाबरले असते! आणि ही जी रोज भिंतीवर आपटतेय, ती काय हौसेने?" माईंचा आवाज चढला. "डोळे कुणाचे आहेत हो? तुमचे की माझे?"

मोठ्या डॉक्टरांनी बिस्किटांचा पुडा खाली ठेवला.

"मास्तर, माझ्या मुलीला तुम्ही भर चौकात गाडी घालायला लावली तेव्हा घरी माझे हातपाय गार पडले होते. तेव्हा मी येऊन म्हटलं का, की चौकातून गाडी फक्त तुम्हीच न्यायची?"

"तसं कसं चालेल, डॉक्टरसाहेब? मग ती शिकणार कधी? आणि माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना!"

"आणि परवाना मिळाल्यावर?"

"मग कशाला हवा मी शेजारी?"

"हेच म्हणतोय मी! या बाई शिकाऊ नाहीत. परवाना त्यांना केव्हाच मिळालाय. फक्त तुम्ही लोक गाडीत बसायला तयार नाही. पलीकडे शस्त्रक्रियेचं दुसरं टेबल आहे. भूल देणारे आहेत, नर्स आहेत, दिवे आहेत. आणि ते टेबल आठवड्यातले किती दिवस रिकामं असतं, ठाऊक आहे? कारण ज्याला त्याला मीच हवा. रुग्ण वाढत चाललेत, माझे हात मात्र दोनच राहिलेत. सकाळपासून उभा असलेला, थकलेला हात तुम्ही वशिला लावून मागताय, आणि ताजा, तयार हात तिथे कोपऱ्यात बसलाय."

मास्तरांनी कोपऱ्यात पाहिलं. छोट्या बाई मान खाली घालून होत्या.

"आणखी एक सांगतो," डॉक्टर म्हणाले, "सांगायला मला लाज नाही. ही गाठ नाकातून दुर्बीण घालून काढायची असते. मी जुन्या पद्धतीने शिकलो. या कामात बाईंचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्या बायकोची असती तर मी यांनाच सांगितलं असतं. पण असंच चाललं तर या दुसरीकडे निघून जातील. टेबलाशिवाय सर्जन किती दिवस बसेल? मग या अख्ख्या मुलखाला मी एकटा, आणि तुमच्या तारखा पुढच्या वर्षीच्या."

माई उठल्या आणि चाचपडत छोट्या बाईंच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "बाई, खरं सांगा. अशा गाठी काढल्यात तुम्ही?"

"काढल्यात, माई. शिकले तिथे पुष्कळ. इथे बोटांवर मोजण्याइतक्या, कारण लोक नको म्हणतात."

"आणि काही बिघडलं तर?"

"बिघडू शकतं. नाकातून पाणी गळू शकतं, औषधं जास्त दिवस घ्यावी लागू शकतात. क्वचित नजरेलाही धोका असतो. पण थांबलो तर नजर नक्की जात राहणार. अडचण आलीच तर मी सरांना हाक मारीन. त्यात मला कमीपणा वाटत नाही."

माई म्हणाल्या, "मला घाबरवणारं होतं ते तुम्ही आधीच सांगून टाकलंत, बरं झालं. कधी येऊ?"

"माई, अगं..." मास्तरांनी तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा!"

आणि मास्तर गप्प बसले. त्या खोलीतून बाहेर पडताना त्यांना पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आपण बायकोला जपत नव्हतो, आपली भीती जपत होतो, हे त्यांना जिना उतरताना उमगलं. खाली आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "चुकलं माझं." लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य माईंनी प्रथमच ऐकलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. मास्तर बाहेरच्या बाकावर बसून उजवा पाय सारखा जमिनीवर दाबत होते, ब्रेक दाबावा तसा. शेवटी दार उघडलं. टोपीमुळे केस चपटे झालेल्या छोट्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गाठ निघाली. सगळं नीट झालं." मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आभार मानायला म्हणून ते उठले आणि तिथेच ढसाढसा रडू लागले. छोट्या बाईंनीच त्यांना पाणी आणून दिलं. सरांना हाक मारायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माई उशाला टेकून बसल्या होत्या. नाकात बोळे, आवाज बसका. नजर समोरच्या भिंतीवर. मास्तर पलंगाच्या बाजूला येऊन अलगद उभे राहिले.

"दाढी नाही केलीत?" माईंनी मान न वळवता विचारलं.

मास्तरांना आधी काही समजलंच नाही. मग समजलं! "दिसतं तुला? इकडचं दिसतं?"

"अजून धुरकट आहे. पण दिसतं. आणि शर्ट उलटा घातलाय, तेही दिसतं."

वाचकहो, त्या वॉर्डात उलटा शर्ट घातलेला तो माणूस इतक्या मोठ्याने हसला, की नर्सने येऊन दटावलं. हसता हसता तो खुर्चीत बसला. कित्येक महिन्यांनी त्याचे खांदे सैल पडले होते.

काही आठवड्यांनी दोघं तपासणीला आले. माई फाटकातून सरळ, खांबाला न आपटता आत शिरल्या. वर छोट्या बाईंच्या दाराबाहेर खुर्च्या पुरत नव्हत्या. लोकांनी लोकांना सांगितलं होतं, आणि मास्तरांनी तर गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला. दुसरं टेबल आता रोज चालत होतं. मोठ्या डॉक्टरांच्या तारखाही अलीकडे आल्या होत्या, आणि त्या दिवशी ते चक्क रजेवर होते. किती वर्षांनी घेतली म्हणे!

खुर्च्यांशेजारी एक माणूस भावाला घेऊन उभा होता. हातात स्कॅनचं पाकीट. "मोठे डॉक्टर आज नाहीत म्हणे," तो मास्तरांना म्हणाला. "परतच जावं म्हणतो. या बाई जरा नवीन वाटतात."

मास्तरांनी माईंकडे पाहिलं. माई म्हणाल्या, "सांगा की आता. एरवी तोंड थांबत नाही तुमचं."

"अहो भाऊ," मास्तर म्हणाले, "चांगला डॉक्टर नुसता कॉलेजातून बाहेर पडून मोठा होत नाही. आपण विश्वास टाकायचा, तेव्हा तो मोठा होतो. प्रश्न विचारा, शंभर विचारा, त्यांचा तो धर्मच आहे उत्तर देण्याचा. पण नुसत्या वयाकडे बघून पाठ फिरवू नका. एकाच माणसाच्या दारात सगळ्यांनी रांग लावली, तर रांगेतलाच कुणीतरी उपचारावाचून राहतो. तो मी राहता राहता वाचलोय. म्हणजे ही वाचली."

त्या माणसाने भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "डोकं माझं आहे. मला आत जाऊ दे."

आतून छोट्या बाईंनी विचारलं, "पुढे कोण आहे?"

"आम्ही आहोत," तो माणूस म्हणाला, आणि भावाचा हात धरून आत गेला.