हनुवटीचं गोंदण

सौंसरच्या बाजारओळीत कमल उईकेचं फोटोचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे पांढरा पडदा आणि स्टूल, मधे प्रिंटर, आणि त्याच्या मागे तिची खाट, तिचा गॅस, तिच्या कविता. कमल हे नाव शाळेतल्या गुरुजींनी लावलेलं. आईनं सांगितलं होतं पुंगार, म्हणजे गोंडीत फूल. गुरुजी म्हणाले, फूलच लिहायचं तर कमळ काय वाईट आहे? नाव लागलं ते लागलं. पुंगार म्हणून हाक मारणारं एकच माणूस राहिलं होतं, आणि गेल्या पोळ्याच्या सुमारास तेही गेलं.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. पांढुर्ण्याहून मोठ्या भावाचा, शालिकरामचा फोन आला.

"कमल, आईचा फोटो पाह्यजे. या आखाजीले तिच्या नावानं पहिलं पान वाढाचं हाये. भिंतीवर काईच नाई आपल्याजवळ."

"पाह्यते दादा," ती म्हणाली.

"पाह्यते काय? अर्ध्या तालुक्याचे फोटो काढले तू. आपल्या मायचा एक नाई निंगत?"

तो हसून म्हणाला होता, पण ते तिच्या जिवाला लागलं. कारण निघत नव्हता.

आईनं कॅमेऱ्यासमोर कधी उभं राहायचं नावच घेतलं नाही. कमलनं कॅमेरा उचलला की ती पाठ फिरवी, नाही तर पदर ओढी. "माहा काय काढतं? मी हावो ना इथं," म्हणे. पण कामाला मात्र सदा बरोबर. रामाकोन्याला, लोधीखेड्याला, आडगावच्या पाड्यांवर कमल कागदपत्रांसाठी लोकांचे फोटो काढायला जाई, तेव्हा मागे पडदा धरायला आई. पडदा म्हणजे तिचं जुनं पांढरं लुगडं. एक टोक खुंटीला, दुसरं आईच्या हातात. फोटो झाला की कमल चारी बाजू कापून टाकी, आणि त्या कडेला लुगडं धरलेली आईची बोटंही कापली जात. वर्षानुवर्षं तिनं स्वतःच्या हातानं आईला असं कापून टाकलं होतं.

कॉम्प्युटरवरचे जुने, न कापलेले फोटो तिनं काढून पाहिले. अनोळखी म्हाताऱ्या, नवऱ्या मुली, टोपीवाले शेतकरी, आणि प्रत्येकाच्या कडेला तीच बोटं. चेहरा एकाही ठिकाणी नाही. आधार कार्डावर होता, पण तो नुसता काळसर डाग. मोठा करायला गेलं की नाकडोळे विरघळून जात.

आईशिवाय तिच्या कवितांनाही कोणी नव्हतं. फोटोखाली ती गोंडीत चार ओळी लिही. एकदा नागपूरला प्रदर्शन झालं. लोकांनी फोटो वाखाणले आणि ओळींकडे बोट दाखवून विचारलं, याचा अर्थ काय? तिनं मराठीत सांगितला, आणि सांगता सांगता ती ओळ वाळल्यासारखी झाली. गावातल्या साहित्य मंडळाचे केशवराव मास्तर दर बैठकीला मायेनंच म्हणत, "कमलबाई, आज समजेल असं काहीतरी म्हणा." आई मात्र मोहाची फुलं निवडता निवडता ऐके आणि ओळीमागून ओळ "हं" म्हणे. त्या "हं"साठीच ती लिहीत होती. आता आठ महिन्यांत एक ओळ सुचली नव्हती.

घरमालकीण नलिनीबाई एकादशीची भगर घेऊन आल्या. वाटी ठेवून म्हणाल्या, "बाई, संध्याकाळी दिवा लावते तेव्हा तुझ्या आईसाठी हात जोडते. पण नाव माहीत नाही. देवाला काय सांगू?"

"सुकरती," कमल म्हणाली. हे नाव तोंडातून निघून किती दिवस झाले होते. नलिनीबाईंनी ते हळूच दोनदा म्हणून पाहिलं आणि पायऱ्या चढून गेल्या. दुकानात पुन्हा पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी दादानं मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"पाह्यला का? इथल्या एका पोरानं एआयवर बनवून देला. आधारवरचा घेतला अन् तुहा एक घेतला. तू तोंडावळ्यानं आईवर गेली म्हनते ना सारे. आता तू मोठा छापून दे, फ्रेम करून. दुसऱ्याकडं कायले जाऊ?"

कमलनं फोटो उघडला. गुळगुळीत गालांची एक म्हातारी. जरीकाठी साडी, कपाळावर मोठं कुंकू, तोंडावर नवीन लग्नातल्यासारखं हसू. कुंकवाखेरीज कपाळ कोरं, हनुवटी कोरी.

"दादा, ही आई नाई."

"मंग कोन हाये?"

"मीच हाये म्हातारी केलेली. हिच्या तोंडावर गोंदण नाई."

"गोंदण कायले पाह्यजे? चांगली दिसून राहिली ना."

"मी नाई छापत."

तिला वाटलं, दादा आता रागावेल. पण तो हळू आवाजात म्हणाला, "कमल, तू तिच्याजवळ राहिली. मले लहानपणीच आश्रमशाळेत टाकलं, गोंडीबी तिथंच सुटली. मंग नोकरी, मंग इथंच. मले तिचा चेहरा आठवून नाई राहिला. डोळे मिटले का लुगडं दिसते, हात दिसते. तोंड दिसतच नाई. मी कोनाच्या समोर पान वाढू?"

"छापते," कमल म्हणाली.

दुपारी तिनं फोटो मोठा छापला. कागद वाळल्यावर टेबलावर ठेवला आणि पूर्वी फोटोवरचे डाग पुसायला वापरायची ती बारीक कुंचली काढली. हिरवटसर काळा रंग कालवला. आधी कपाळावर दोन उभ्या रेघा. त्या डोळ्यांसमोर होत्या. मग हनुवटी.

हनुवटी तिच्या बोटाला पाठ होती. लहानपणी आई तिचं बोट धरून एकेका ठिपक्यावर ठेवी आणि गोंडीत मोजायला लावी. उंदी, रंड, मुंद, नालुंग. नालुंग म्हटलं की आई खोटंखोटं बोट चावायला येई, आणि ती डोळे गच्च मिटून खिदळे. तिची मोजणी तिथेच संपे.

"उंदी," ती म्हणाली आणि कुंचली टेकवली. "रंड. मुंद. नालुंग."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तरी नालुंग म्हटल्यावर ती क्षणभर थांबली, कोणीतरी "हं" म्हणेल म्हणून. मग कुंचली धुतली.

फोटोतली बाई अजून आई झाली नव्हती. पण आता ती कमलही नव्हती. फ्रेम करून तिनं पांढुर्ण्याच्या बसमधे ओळखीच्या कंडक्टरजवळ दिली आणि दुकानात परत येऊन नुसती बसून राहिली. दादा म्हणेल, हे काय चितारलं, लोकं काय म्हनतीन.

दिवेलागणीला फोन आला.

"फोटो भेटला," दादा म्हणाला. "लावला भिंतीवर. कमल, एक कमी हाये."

"काय कमी हाये?"

"ठिपका. हनुवटीवर पाच होते. पाचवा खालच्या ओठाच्या घडीत लपलेला राहे. हासली का दिसे. तुहं बोट चावाले ये ना, तवा दिसे. तू त डोळे मिटून घेत होती. मी इकडून पाहत राहो."

कमलनं आपली हनुवटी चाचपली. ओठाखालची ती घडी. आयुष्यभर जगाचे चेहरे तिनं डोळे उघडे ठेवून पाहिले होते, आणि त्या एका ठिकाणी दर वेळी मिटले होते.

"ऐकून राहिली ना?" दादा म्हणाला. "ठिपके पाहून सगळं आठवलं पाह्य. तोंड दिसलं तिचं. आखाजीच्या आधी येजो, अन् तेवढा काढून देजो."

"येते," ती म्हणाली. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सैयुंग."

"काय म्हनलं?"

त्याला आठवेल म्हणून ती वाट पाहत राहिली. पलीकडे पांढुर्ण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. त्याला तो शब्द कळला नव्हता.

"काई नाई दादा," ती म्हणाली. "पाच म्हनलं."