न वाचता दिलेलं मत

प्लास्टर कालवून साच्यात ओतायला घेतलं की मध्येच हात थांबवता येत नाही, आणि नेमका तेव्हाच फोन थरथरू लागला. कवळ्या बनवणाऱ्या बाईने तो कोपराने सरकवला. थांबला, पुन्हा थरथरला. शेवटी तिने साचा एका हातात धरून फोन खांद्यात अडकवला.

"चिमणे, माझ्या लेखाला उलटं मत दिलंस?" दादा. तिची पन्नाशी उलटली तरी त्याच्या लेखी ती चिमणीच.

"मी? कधी?"

"आज सकाळी. खातं तुझंच आहे. तिथे कुणाचं मत झाकलं जात नाही, हे तूच सांगितलं होतंस."

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात थरथरायला लागल्यावर तिनेच त्याला त्या संकेतस्थळावर लिहायला बसवलं. त्या संकेतस्थळाला ना मालक, ना ऑफिस. वाचकांनी मतं दिली की लेखकाला मोबदला. उलटं मत पडलं की मोबदला कापला जातो. मतं विकणारेही उजळ माथ्याने बसलेले. त्यांच्यावर चिडून काहींनी पहारेकऱ्यांचा गट काढला होता, आणि हिने आपलं खातं त्या गटाला जोडून टाकलं होतं. गटाने उलटं मत दिलं की हिचंही आपोआप पडायचं. जोडलं आणि विसरली.

"दादा, ते आपोआप पडलं. मतं विकत घेणाऱ्यांवरच तो गट..." ती अडखळली. "म्हणजे तू घेतलीस?"

पलीकडून नुसता खोकला. मग, "घेतली. कुत्रं फिरकत नव्हतं लेखाकडे. काय करू, रंगाचा डबा रस्त्यात ओतून लोकांना थांबवू?"

"मला बोलायचंस तरी."

"तुला काय बोलायचं? तुझं मत तर लेख टाकल्या टाकल्या यायचं. तुझ्या वहिनीला सांगायचो, एक वाचक तरी पक्की आहे." मग त्याने विचारलं, "चिमणे, तेही आपोआपच का गं?"

घट्ट होताना प्लास्टर तापतं. साचा हाताला चटका देऊ लागला तरी तिने तो खाली ठेवला नाही.

"हो," ती म्हणाली.

फोन बंद झाला.

मग तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सुळ्याच्या जागी तिने दाढ बसवली. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "हा पेशंट काय मागच्या बाजूने हसणार?" ती हसली नाही. हात धुऊन जिन्यात जाऊन बसली.

संध्याकाळी लेखाच्या मोबदल्याचा हिशेब मिटणार होता. उलटं मत काढायला एक बटण पुरे. बोट त्यावर गेलं आणि घुटमळलं. काढलं असतं तर तेही न वाचताच. तिने आधी खात्याच्या दोन्ही जोडण्या तोडल्या, गटाची आणि दादाच्या लेखांना आपोआप मत देणारीही. मग लेख उघडला. वाचता वाचता मध्येच तिने फोन लावला.

"औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची ओळ तिरकी वर गेली, ती शिडी हलली म्हणून, असं लिहिलंयस?"

"हो. का?"

"शिडी मी धरली होती. ती तसूभर हलली नव्हती. तू खाली बघून वहिनीशी बोलत होतास."

"कुठवर वाचलंस?"

"तिथवरच."

"आणि ते मत?"

"शेवटापर्यंत वाचते, मग ठरवते."

"ठरव," दादा म्हणाला. फोन मात्र त्याने ठेवला नाही.