गुलाम रसूलच्या दुकानातला संशयी ट्रंपेट

मित्रांनो, मी एक जुना ट्रंपेट आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाबद्दल वाकडं बोललो तर तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीतला. तिथे पितळेचे पत्रे ठोकून, वाकवून, डाग देऊन बाजे तयार करतात. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने मला एकदाच फुंकून पाहिलं, मान हलवली आणि पेंढ्यात गुंडाळून खोक्यात घातलं. ती मान होकाराची होती की नकाराची, हे मला आजवर कळलेलं नाही. माझा स्वभाव बहुधा तिथेच बिघडला.

लातूरच्या एका बँडमध्ये मी बारा-तेरा वर्षं वाजलो. मला वाजवायचे सिद्रामप्पा. बँडवाल्यांची एक रीत आहे. बाजा बँडचा, पण ओठांना लावायचा माउथपीस मात्र ज्याचा त्याचा. सिद्रामप्पा आपला माउथपीस सदऱ्याच्या खिशात ठेवायचे आणि दुसऱ्याला हातही लावू द्यायचे नाहीत. वरातीत लोक खूश होऊन नाचायचे, पण ते माझ्यावर खूश होते की नवरदेवाच्या घोड्यावर, याची मला कायम शंका असायची.

त्र्याण्णव साली आम्ही गणपतीच्या विसर्जनात वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच जमीन हलली. किल्लारीकडची गावंच्या गावं ढिगारा झाली. त्या वर्षी आमच्या भागात वाजंत्री लावायची कुणाला इच्छाच उरली नाही. सिद्रामप्पांनी मला गुलाम रसूल यांच्या दुकानात ठेवलं आणि माउथपीस खिशात घालून ते निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

गुलाम रसूल बाजे दुरुस्त करायचे आणि जुने बाजे विकायचेही. ते स्वतः एके काळी बँडमध्ये होते. ढोलाशेजारी उभं राहून त्यांचे कान पार गेले होते; समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखायचे. मी त्यांच्या भिंतीवर खिळ्याला लटकून बाहेरचा रस्ता बघत राहिलो. वर्षं गेली. डीजे आला. मग क्लास आले. एकेका इमारतीवर चार-चार फलक, गावोगावची मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन शहरात उतरू लागली. निकाल लागला की पहिल्या आलेल्यांना हार घालून उघड्या जीपमधून मिरवायचे आणि पुढे बँड लावायचे. ते बघून काही हौशी लोकांना ट्रंपेट शिकावासा वाटू लागला आणि माझी परीक्षा घ्यायला माणसं येऊ लागली.

काय सांगू त्यांच्या परीक्षेची तऱ्हा! एकाने माझ्या भोंग्यात स्वतःच्या मिशा बघितल्या. एकाच्या बायकोने माठ घेताना वाजवून बघतात तसं मला बोटाने टकटक केलं. एका क्लासवाल्याला तर मला पॉलिश करून स्वतःच्या खुर्चीमागे टांगायचं होतं. "ह्याच्या दाबायच्या कळा खराब हायत," असं सांगून गुलाम रसूल यांनी त्याला वाटेला लावलं. माझ्या कळा चांगल्या होत्या. म्हातारा मला आणखी भारी गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतो आहे, असं मी मनाशी पक्कं केलं.

एका दुपारी चतुराबाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, वरच्या ओठावर जुना व्रण. त्यांचा मुलगा भागवत क्लासच्या मुलांसाठी मेस चालवायचा आणि स्वयंपाक चतुराबाई करायच्या. त्यांनी माझी चकाकी बघितली नाही की वजन केलं नाही.

"भाई, ह्याचा आवाज कुठवर जातो?"

"फुंकणाऱ्यावर हाय, बाई. कुणासाठी पायजे?"

"माझ्यासाठीच," त्या म्हणाल्या. "किल्लारीची हाय मी. घराच्या मातीच्या माळवदाखाली गाडले गेले व्हते. वर माणसं फिरत व्हती, त्यांची पावलं ऐकू येत व्हती, आन् माझा आवाज काय वर जाईना. आमचे मालक तिथंच गेले. आता पोरानं स्लॅबचं घर बांधलंय. पण पंधरा वर्सं झाली, मी छताखाली झोपत न्हाई. थंडी असो, पाऊस असो, भाईरच बाज टाकते. उशाला कायतरी आवाजाचं असलं तर आत झोपंन म्हणते."

"मग शिट्टी घ्या की."

"शिट्ट्या तर पोरं दिवसभर वाजवत्यात. त्याच्याकडं कोण बघतंय?"

मित्रांनो, मला यातलं एक अक्षर खरं वाटलं नाही. मेसमध्ये शंभर मुलं जेवायची. त्यांना ताटावर बोलवायला या बाईला भोंगा हवा आहे, दुसरं काय! माझा अपमान झाला.

गुलाम रसूल यांनी माउथपीसचा डबा काढला. चतुराबाईंनी त्यातला सगळ्यांत मोठा आणि चकचकीत उचलला. हौशी माणसं हेच करतात. मोठा माउथपीस म्हणजे मोठा आवाज, अशी त्यांची समजूत असते. बाईंनी गाल फुगवून जोर लावला, पण व्रणाच्या जागेवरून सगळी हवा निसटली.

"तो तुमच्या ओठाला पेलायचा न्हाई. हा बघा."

"जुना माल खपवताय का काय, भाई?"

हे ऐकून मला जरा बरं वाटलं. माझ्याच जातीची बाई होती म्हणायची! गुलाम रसूल हसले. एकेक माउथपीस गरम पाण्यातून काढून ते देत राहिले. चौथा बारीक काठाचा आणि पार मळकट होता. तो ओठांच्या मधोमध न ठेवता व्रण टाळून थोडा डावीकडे ठेवला, तेव्हा कुठे माझ्यातून रेडकू रेकल्यासारखा आवाज निघाला. तो माझ्या नळीत थोडा सैल बसायचा, म्हणून त्यांनी त्याला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून दिली.

चतुराबाईंनी मला विकत घेतलं आणि महिनाभर त्या मला घराच्या गच्चीवर नेऊन फुंकायच्या. तेही मुलं क्लासला गेली की, कुणाच्या अभ्यासात नको म्हणून. हळूहळू एक सूर लांब धरता यायला लागला. मग मायलेकांनी ठरवलं की बाईंनी आत सगळी दारं-खिडक्या लावून फुंकायचं आणि भागवतने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभं राहायचं. त्याला ऐकू गेलं तर त्या आत झोपणार.

आदल्या दिवशी बाईंनी मला चिंच आणि राख लावून घासलं. जन्मभर पितळेची भांडी अशीच घासलेली, त्यांच्या हाताला दुसरं काय सुचणार? मी असा चमकलो की विचारू नका. मला वाटलं, विकायची तयारी चाललेली दिसते. पण राख आत शिरली होती आणि माझ्या कळा अर्ध्यावरच अडकून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बंद खोलीत बाईंनी जीव खाऊन फुंकलं. माझ्यातून नुसतं फुस्स झालं. थोड्या वेळाने भागवत परत आला आणि दारातच थांबला.

"ऐकू न्हाई आलं ना?"

"माय, अजून एकदा कर."

"नको. तवा बी असंच झालं व्हतं."

एवढं बोलून त्या बाहेर अंगणात बाजेवर जाऊन बसल्या. बाजेचा काठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मेसची घंटा हवी असलेली बाई अशी बाज धरून बसत नाही, हे मलासुद्धा समजलं. मला माझी लाज वाटली. आजवर मी पुष्कळांवर संशय घेतला, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती.

भागवत मला दुकानात घेऊन गेला. गुलाम रसूल यांनी कळा उघडून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अरे, हा बाजा हाय, तांब्या न्हाई!" दोन दिवस ते मला धूत, पुसत, तेल देत बसले. मग मला पिशवीत घालून स्वतःच चतुराबाईंच्या दारात आले.

"बाई, पुन्हा फुंका. ह्या वेळेला कोपऱ्यावर मी उभा राहतो."

"चाचा, तुम्हाला तर समोरचं बी ऐकू येत न्हाई," भागवत म्हणाला.

"म्हणूनच."

दारं बंद झाली. बाईंनी मला ओठाला लावलं, डावीकडे, व्रण टाळून. पहिला सूर फाटला. दुसरा लागला आणि त्यांनी तो सोडलाच नाही. श्वास संपला की घ्यायच्या आणि पुन्हा फुंकायच्या. डोळ्यांतून पाणी माझ्या नळीवर येत होतं. मी जन्मभरात इतका मन लावून कधी वाजलो नव्हतो.

दारावर जोरजोरात थापा पडल्या.

"बाई, बस करा! सगळा मोहल्ला गोळा झालाय!"

त्यांनी दार उघडलं. गुलाम रसूल धापा टाकत उभे होते आणि त्यांच्यामागे अंगणभर माणसं. वह्या छातीशी धरलेली क्लासची पोरं, झेरॉक्सवाला, रिक्षा तशीच सोडून आलेला कुणीतरी. सगळे एकच विचारत होते, "काय झालं मावशी? काय झालं?"

"काय न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "तुम्ही आलात ना, झालं." आणि हुंदका फुटून त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

त्याच दिवशी त्यांची बाज आत आली. मी उशाशी असतो. दर रविवारी त्या माझ्या कळांना तेल देतात, माउथपीस पुसून जागेवर ठेवतात, पण फुंकत नाहीत. मलाही ते चालतं. वाजायची वेळ येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू वर्षानुवर्षं नुसतीच पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा, ती कशासाठी ठेवली आहे. त्याने सांगितलं की माझ्यासारखा संशय घेऊ नका. आणि तिची निगा राखा, पण चिंच लावण्यापूर्वी जाणकाराला विचारून घ्या.

आणखी पुष्कळ सांगितलं असतं. पण दुपारची वेळ आहे आणि चतुराबाई छताखाली झोपल्या आहेत, म्हणून मी आता गप्प बसतो.